भरकटलेला तो विचारवंत, भरकटलेली ती आजारी?

अर्धविराम (धागाकर्ती)

१९६३ साली दोन कादंबऱ्या आल्या. एक लंडनमध्ये, जानेवारीत, व्हिक्टोरिया लुकस या टोपणनावाने. दुसरी मराठीत, पंचविशीतल्या लेखकाची. सिल्व्हिया प्लाथची 'द बेल जार' आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. एकीला दुसरीचा गंधही असण्याचं कारण नाही, पण सांगाडा बघा. हुशार म्हणून घरापासून लांब गेलेलं पोर. शहरात पोचल्यावर आजूबाजूचं सगळं पोकळ वाटायला लागतं, पुढे काय करायचं ते सुचेनासं होतं, आणि मग परत घर. दोन्हीकडे बोलणारा 'मी'. आणि दोन्ही पुस्तकं भयंकर विनोदी आहेत, हे लोक हमखास विसरतात.

आता या दोघांबद्दल आपण बोलतो कसं? 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर म्हटलं की अस्तित्ववाद, परात्मता (जगापासून तुटलेपण), एका पिढीचा आवाज. 'द बेल जार'ची एस्थर ग्रीनवुड म्हटलं की डिप्रेशन, आणि लगोलग लेखिकेची आत्महत्या. म्हणजे त्याला प्रश्न पडतात आणि हिला लक्षणं होतात.

चिंतेने पोखरलेल्या, दिशा न सापडलेल्या तरुण मुलीच्या कुठल्याही कादंबरीवर त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. काहीच घडत नाही. हिला नक्की हवंय काय? एवढं सगळं मिळालंय तरी रडगाणं चालूच. कोणीतरी धरून गदागदा हलवा हिला. हीच वाक्यं पांडुरंगबद्दल म्हणून बघा, लगेच कोणीतरी 'तुम्हाला कादंबरी कळलीच नाही' म्हणून बाजूला बसवेल.

मला यावर चर्चा हवी आहे. 'मला आवडली', 'मला नाही आवडली' एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

चष्मिष्ट

धागा चांगला, पण मुद्दा ओढूनताणून आणलाय. एस्थर खरोखर आजारी आहे हो. पुस्तकाचा मोठा भाग इस्पितळात घडतो, विजेचे झटके आहेत, जीव द्यायचा प्रयत्न आहे. हे सगळं लेखिकेनेच लिहिलंय, वाचकाने लादलेलं नाही. पांडुरंग काही कुठल्या वॉर्डात भरती होत नाही. आजाराला आजार म्हटलं की लगेच पुरुषी नजर?

अर्धविराम

आजाराला आजार म्हणाच. पण तो कुठून सुरू होतो ते सांगा. पहिली नऊ प्रकरणं ती न्यूयॉर्कमध्ये आहे. मासिकाची स्पर्धा जिंकून आलेल्या बारा मुलींपैकी एक. कामाला जाते, पार्ट्यांना जाते, लोकांच्या फिरक्या घेते. हेरगिरीसाठी दोषी ठरलेल्या रोझेनबर्ग पती-पत्नीला विजेच्या खुर्चीत बसवणार, ही बातमी पहिल्याच वाक्यात येते, म्हणजे १९५३चा उन्हाळा. सगळ्या शहराला ती बातमी कंटाळवाणी झालीय आणि हिच्या मात्र ती डोक्यातून जात नाही. यात आजारी कोण?

पण आपण शेवट माहीत असलेले वाचक. त्यामुळे त्या नऊ प्रकरणांतलं प्रत्येक वाक्य 'पुढे येणाऱ्या आजाराची खूण' म्हणून वाचतो. पांडुरंगला ही शिक्षा नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतरची त्याची पानं तपासून घ्या एखाद्या डॉक्टरकडून, मग बोलू.

बोका

वाचतोय. (पॉपकॉर्न घेऊन.)

रात्रपाळी

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणार आहे.

एस्थर घरी परतल्यावरचा भाग आठवा. ती कपडे बदलत नाही, केस धूत नाही. का, तर आज धुवायचे आणि उद्या परत धुवायचेच, मग काय अर्थ आहे? पुढचे सगळे दिवस तिला पांढऱ्या पेट्यांच्या रांगेसारखे दिसतात. एकदाच काय ते करून मोकळं व्हावं, असं तिला वाटतं. माझ्या समोर कोणी हे बोललं तर मी आधी झोपेबद्दल विचारेन. आणि प्लाथनेही तेच केलंय, त्याच्याच शेजारी तिची झोप उडालेली आहे. पण हा युक्तिवाद सुटा काढून एखाद्या तरुण नायकाच्या तोंडी घातला, तर त्यावर समीक्षेचा लेख येईल. तेव्हा धागाकर्तीचं निरीक्षण मला पटतं.

निष्कर्ष मात्र पटत नाही. 'लक्षण' म्हटलं की वाक्यातला अर्थ संपतो, असं का धरायचं? झोप उडालेला माणूस बरोबरही बोलत असू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींचं जगाबद्दलचं निदान पुष्कळदा अचूक असतं. हाल होतात ते वेगळ्याच कारणाने.

आणखी एक. प्लाथ डॉक्टर मंडळींना ज्या बारकाईने बघते ते बघण्यासारखं आहे. पहिला डॉक्टर गॉर्डन. देखणा, टेबलावर स्वतःच्या कुटुंबाचा फोटो. तो एस्थरला विचारतो, कुठल्या कॉलेजात होतीस? ती सांगते. आणि त्यावर त्याला काय आठवतं, तर युद्धाच्या काळात तिथे लष्करातल्या बायकांचं ठाणं होतं ते! एवढ्यावर तो तिला झटके द्यायचं ठरवतो. पुढे डॉ. नोलन येते. उपचार तोच, विजेचाच, पण ती आधी ऐकून घेते आणि नीट करवून घेते. त्यामुळे 'प्लाथ मनोविकारशास्त्राच्या विरोधात' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी पुस्तक अर्धंच वाचलेलं असतं.

खडूस_आजी

मला या सगळ्या मुली सहन होत नाहीत, आधीच सांगते. आता मुद्दा.

हरिभाऊ आपट्यांची यमू कोणाला आठवते का? 'पण लक्षांत कोण घेतो?' हीसुद्धा एका मुलीने स्वतःच सांगितलेली हकीकत, लहानपणापासूनची. शंभरहून जास्त वर्षं झाली. यमूच्या वाट्याला काय कमी काळजी होती? पण तिला दिशाहीन म्हणता येत नाही, कारण दिशा ठरवायचा अधिकारच तिला नव्हता. सगळं दुसऱ्यांनी ठरवून ठेवलेलं, हिने फक्त सोसायचं. भरकटायला आधी चार वाटा तरी पुढ्यात लागतात. एस्थरला त्या मिळाल्या आणि ती त्यांच्याकडे बघत बसली. म्हणून मला तिची दया येत नाही, यमूची येते.

अर्धविराम

आजी, तुम्हाला खडूस म्हणवून घ्यायची हौस आहे, पण धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तुम्हीच मांडलात. दिशाहीनतेची कादंबरी वाटा निर्माण झाल्यावरच लिहिली जाते. फक्त एक विचारते. त्या चार वाटा खरंच मोकळ्या होत्या का? एस्थरची आई तिच्यामागे लागलीय, शॉर्टहँड शीक म्हणून. इंग्रजीची पदवी आणि वर शॉर्टहँड, की नोकरी पक्की. कुठली नोकरी? तर कर्तबगार तरुण पुरुषांची पत्रं उतरवून घेण्याची. आणि एस्थरला स्वतःची पत्रं सांगायची आहेत, दुसऱ्याने उतरवून घ्यावीत अशी. मला तर ती वाटेकडे नुसती बघत बसलेली दिसत नाही, पाटी वाचताना दिसते.

सांजभूल

यावर ते अंजिराच्या झाडाचं कोणीच कसं काढलं नाही? माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलींच्या स्टेटसला ते असतं. एक फांदी म्हणजे नवरा आणि मुलंबाळं, एक म्हणजे कवयित्री, एक प्राध्यापक, एक संपादक, एक परदेश, आणि ही मधल्या बेचक्यात उपाशी बसलेली, कारण एक तोडलं की बाकीची गेली. ठरेपर्यंत सगळी अंजिरं काळी पडून पायाशी. मी एकविसाव्या वर्षी ते वाचलं आणि पुस्तक मिटवून ठेवलं. इतकं ते माझं होतं.

तळटीप

सांजभूल, पुस्तक मिटवलंत तिथेच घोटाळा आहे. दोनेक पानं पुढे गेला असतात तर गंमत कळली असती.

तो प्रसंग नीट आठवू. एस्थर कॉन्स्टंटिन नावाच्या दुभाष्याबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात बसलीय. शेजारी एक रशियन मुलगी भराभर भाषांतर करतेय. तिला बघून एस्थर मनातल्या मनात आपल्याला काय काय येत नाही ते मोजायला लागते. स्वयंपाक येत नाही, शॉर्टहँड येत नाही, नाच नाही, गाणं नाही. आणि त्या मोजणीच्या टोकाला ते झाड उगवतं. त्यानंतर कॉन्स्टंटिन तिला जेवायला नेतो. पोटात अन्न गेल्यावर तिला एकदम बरं वाटतं आणि ती स्वतःच शंका काढते की ते झाड, ती गळणारी अंजिरं, हे सगळं बहुधा रिकाम्या पोटाचं असावं!

हे कोणी स्टेटसला लावत नाही. झाडाचा उतारा कापून घेतात आणि जेवण टाकून देतात. मला विचाराल तर प्लाथ थोर आहे ती या जेवणामुळे. एवढी देखणी प्रतिमा उभी करायची आणि पुढच्या पानावर तिलाच चिमटा काढायचा, याला धाडस लागतं. चिंतेचा स्वभाव तिने बरोबर पकडलाय. डोंगराएवढी खरी वाटते, आणि चार घास खाल्ले की हसू येतं. मग परत येते ते सोडा.

नुसताच_वाचक

+१ तळटीप. वाचनखूण साठवली.

सांजभूल

आज रात्री काढते कपाटातून. उपाशीपोटी वाचणार नाही, वचन.

बोका

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. पैशाबद्दल कोणीच बोलत नाहीये.

पांडुरंग भरकटू शकतो, कारण वडील पैसे पाठवतात. त्या पैशांवरून बाप-लेकात केवढी जुंपते, पण येतात. आणि सगळं फसल्यावर परत जायला गाव आहे, घर आहे, शेती आहे. तिथे तो कंटाळत बसू शकतो. त्या कंटाळ्याला आपण तत्त्वज्ञान म्हणतो, कारण त्याला उद्या सकाळी कुठे हजेरी लावायची नाहीये. नेमाड्यांनी कादंबरी शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केली आहे. त्या नव्याण्णवांत मुली धरल्या होत्या का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. (नेमाडेप्रेमींनी हलकं घ्या. मीही त्यांच्यातलाच.)

चष्मिष्ट

एस्थरलाही पैसे मिळालेच की. शिष्यवृत्ती कोणाची? फिलोमिना गिनी नावाच्या श्रीमंत कादंबरीकार बाईंची. इस्पितळाचा खर्चही त्याच बाईंनी उचलला. सरकारी इस्पितळातून काळ्या कॅडिलॅकमध्ये घालून खासगी ठिकाणी नेलं. एवढं नशीब किती जणींचं?

बोका

बरं झालं गिनीबाईंना आणलंत. त्यांची तार आठवते? एस्थरच्या आईला त्या आधी विचारतात, प्रकरणात कोणी मुलगा आहे का? मुलगा असेल तर आपण लक्ष घालणार नाही. आई कळवते, तसं काही नाही, पोरीला वाटतंय की आपण पुन्हा कधी लिहू शकणार नाही. मग कॅडिलॅक येते. म्हणजे मदत मिळाली, पण कोसळण्याचं कारण आधी तपासून. पांडुरंगच्या वडिलांनी मनीऑर्डरीआधी असली चौकशी केल्याचं मला तरी आठवत नाही.

रात्रपाळी

कॅडिलॅकवरून आठवलं. एस्थरची सहानुभूती कुठपर्यंत पोचते तेही बघा. इस्पितळात जेवण वाढायला आलेल्या कृष्णवर्णीय कामगाराला ती लाथ मारते, आणि निवेदनात त्याबद्दल फारशी खंत नाही. जगाचा खोटेपणा टिपणाऱ्या नजरेला तो माणूस नीट दिसतच नाही. पुस्तक लाडकं असलं तरी ते पान वगळून वाचू नये.

नुसताच_वाचक

मी तंत्राबद्दल बोलतो, कारण 'काहीच घडत नाही' ही तक्रार मला खोटी वाटत नाही. अशा कादंबऱ्या पुष्कळदा खरंच कंटाळवाण्या असतात.

जर्मन लेखक गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) या प्रकाराचा, म्हणजे पोरगं घडण्या-शिकण्याच्या कादंबरीचा, एक अलिखित करार आहे. पोरगं घर सोडतं, ठेचा खातं, चुकीच्या लोकांच्या नादी लागतं आणि शेवटी जगात आपली जागा पटकावतं. वाचक भरकटणं सहन करतो ते शेवटच्या त्या जागेच्या भरवशावर. आता नायिका असेल तर शेवटची जागा कुठली? बराच काळ एकच होती, लग्न. ती नको म्हटलं की कादंबरीला संपायला जागाच उरत नाही. १९८३ साली एबेल, हर्श आणि लँगलंड यांनी संपादित केलेला 'द व्हॉयेज इन' नावाचा लेखसंग्रह आहे, त्यात हाच धागा आहे. नायिकेचा प्रवास बाहेर होत नाही तेव्हा आत वळतो, आणि पुष्कळदा तो सुरू होतो तोच लग्नानंतर, उशिरा.

मग कंटाळा टाळायचा कसा? माझ्या मते निवेदिकेने वाचकापासून काहीतरी लपवलं पाहिजे. शार्लट ब्राँटेची 'व्हिलेट' (१८५३) घ्या. ल्यूसी स्नो एकटी, गरीब, परक्या देशात शाळेत शिकवणारी. लांबलचक सुट्टीत शाळा रिकामी होते, ती एकटेपणाने आणि जागरणाने इतकी पिळवटते की प्रॉटेस्टंट असून कॅथलिक चर्चमध्ये शिरून पाद्र्यापुढे मन मोकळं करते. पण त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. शाळेत येणारा डॉक्टर म्हणजे आपला लहानपणीचा ओळखीचा मुलगा, हे ल्यूसीला कळलेलं असतं आणि ती कित्येक पानं आपल्याला सांगतच नाही! नंतर शांतपणे म्हणते, मला ठाऊक होतं. तिथून पुढे प्रत्येक ओळ आपण संशयाने वाचतो. बाहेर काहीही न घडता पानं उलटत राहतात.

याच्या दुसऱ्या टोकाला एलिफ बाटुमानची 'द इडियट' (२०१७). १९९५ साली हार्वर्डला गेलेली सेलिन, नुकतीच ईमेल नावाची चीज हाती आलेली, एका मुलाला लांबलचक ईमेल लिहीत बसते. वर्ष संपताना ती आपल्याला सांगते की यातून मी काहीच शिकले नाही. शिकण्याच्या कादंबरीचा शेवट असा! मला ते फार प्रामाणिक वाटलं. माझ्या बहिणीने मात्र पुस्तक माझ्या अंगावर भिरकावलं. दोघंही बरोबर असू.

खडूस_आजी

बहिणीला माझा नमस्कार सांगा.

तळटीप

'आत वळतो, उशिरा सुरू होतो' यावरून शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' आठवली. तीही इस्पितळातली, मनाने पार मोडलेली. पण रीटा विशीतली नाही. घर ओढून, बहिणींचं करून, सगळ्यांची देणी फेडून झाल्यावर ती कोसळते. एस्थर निवडीच्या आधी कोसळते, रीटा सगळं निभावून झाल्यावर. आपल्याकडे मुलीला कोसळायची परवानगी कर्तव्य उरकल्यावरच मिळते की काय? विशीतली, काहीही न केलेली, कोणाचंही देणं न फेडलेली आणि तरीही मध्यभागी बसलेली मराठी नायिका मला चटकन सुचत नाही. कोणाला सुचत असेल तर नाव टाका.

चष्मिष्ट

ती सध्याची फॅशनच आहे की. ऑटेसा मॉशफेगच्या 'माय इयर ऑफ रेस्ट अँड रिलॅक्सेशन'मधली (२०१८) ती बाई. देखणी, वारशाचा पैसा, नोकरी गेली तर गेली, गोळ्या खाऊन वर्षभर झोपून राहते. हिच्यात आणि आळशीपणात फरक काय?

अर्धविराम

फरक आहे. एस्थरला झोप येत नाही आणि ती घाबरते. मॉशफेगची नायिका झोपेचा प्रकल्प आखते, त्यासाठी डॉक्टरही बेजबाबदार शोधते. पहिली भरकटते, दुसरी भरकटणं नेमून घेते. म्हणून दुसरीचा राग येणं मला समजू शकतं, लेखिकेलाही तो यायला हवाच आहे. राग आलेला चालतो हो. माझा आक्षेप एवढाच की पुरुष नायकाचा राग आला की आपण लेखकाशी भांडतो, आणि नायिकेचा आला की नायिकेला उपदेश करतो. पांडुरंगला 'व्यायाम कर, लवकर ऊठ' असं सांगणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

बोका

मी सांगायचो. होस्टेलला. कोणी ऐकलं नाही.

सांजभूल

काढलं, जेवून वाचलं. तळटीप, तुम्ही म्हणता ते आहे, आणि मी इतकी वर्षं अर्धंच झाड मिरवत होते! पण मला आता दुसरंच काहीतरी खटकलंय. पहिल्याच प्रकरणात ती सांगते की न्यूयॉर्कला मिळालेल्या भेटवस्तू तिने बरेच दिवस लपवून ठेवल्या होत्या, मग पुन्हा बरी झाल्यावर बाहेर काढल्या. लिपस्टिक अजून वापरते, आणि गॉगलच्या घरावरचा प्लास्टिकचा तारामासा नुकताच कापून बाळाला खेळायला दिला. बाळाला! म्हणजे हे सगळं ती पुढच्या आयुष्यातून सांगतेय? मग शेवट उघडा कसा म्हणायचा?

तळटीप

बरोबर पकडलंत. शेवटच्या पानावर ती डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकते आणि पुस्तक थांबतं. सोडतात की नाही ते लिहिलेलं नाही. उत्तर पहिल्या प्रकरणात, एका बेसावध वाक्यात ठेवलंय. भीती पुन्हा येणार नाही याची खात्री मात्र तिला नाही, तसं ती शेवटाकडे स्पष्ट म्हणते.

चष्मिष्ट

म्हणजे मूल झालं. मग लग्न कोणाशी केलं तिने?

अर्धविराम

पुस्तकात नाही. बाळ आहे, तारामासा आहे, नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही. तुम्हाला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं, याची नोंद घेतली आहे.

चष्मिष्ट

घ्या. मीही तुमच्या नऊ प्रकरणांचा हिशेब तपासायला पुस्तक मागवलंय. आठ निघाली तर परत येतोच.